भोसरीतील लघुउद्योगासाठी मनुष्यबळ पुरवणारी सेवा : दीड वर्षाचा अनुभव

पुण्याजवळच्या भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचे यंत्रकामाचे लहानसे वर्कशॉप आहे. माझ्या सासऱ्यांनी १९८४ साली दोन जुने लेथ घेऊन ते सुरू केले आणि गेली ११ वर्षे त्याचा कारभार मी पाहते. आज आमच्याकडे तीन साधे लेथ, एक मिलिंग, एक रेडियल ड्रिल, दोन सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारी, टर्निंग मशीन आणि १४ माणसे आहेत. या १४ पैकी ८ जणांनी पन्नाशी ओलांडलेली आहे, आणि त्यांतले तिघे भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनचे ५८ वर्षांचे वय मागे टाकूनही रोज सकाळी साडेआठला हजेरी लावतात. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका महिन्याच्या आत आमचे दोन जुने टर्नर, म्हणजे लेथवरचे कारागीर, सुटले, एक गुडघ्यांच्या दुखण्यामुळे आणि दुसरे मुलाकडे नाशिकला राहायला गेल्यामुळे. त्यांच्या जागा सहा महिने भरता न आल्याने शेवटी मी एका मनुष्यबळ व प्रशिक्षण सेवेशी करार केला. त्या सेवेचा दीड वर्षाचा अनुभव येथे मांडत आहे. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही. करारापूर्वी मी अशा चार संस्थांशी बोलले, त्या चौघांच्या माहितीपत्रकांतील वाक्येसुद्धा जवळपास सारखी होती, आणि त्यामुळे सगळ्या तक्रारी एकाच दारात नेऊन ठेवणे मला न्याय्य वाटत नाही.

करारात तीन कामे होती : माणसे पुरवणे, ॲप्रेंटिसची नोंदणी व कागदपत्रे सांभाळणे, आणि आमच्या सध्याच्या कामगारांचे कौशल्य मापून त्यांना प्रशिक्षण देणे. पुरवलेल्या माणसाच्या पगाराच्या आठ टक्के दरमहा, मूल्यमापनाचे माणशी एकदाच बाराशे रुपये, आणि प्रशिक्षणाच्या बॅचचे शुल्क वेगळे, असा हिशेब होता. दर मला तेव्हाही वाजवी वाटले होते आणि आजही माझी तक्रार दरांबद्दल नाही.

पहिल्या तीन महिन्यांत सेवेने आमच्याकडे पाच मुले पाठवली, दोन ॲप्रेंटिस म्हणून आणि तीन ऑपरेटर म्हणून. त्या तीन ऑपरेटरांपैकी आज एकही आमच्याकडे नाही. एक लातूरचा, एक नांदेडचा आणि एक बिहारमधील, तिघेही आयटीआय झालेले, वागायला चांगले आणि मोबाइलवर ड्रॉइंग वाचण्यात आमच्या जुन्या माणसांपेक्षा तरबेज होते. पहिला अठराव्या दिवशी चाकणच्या एका मोठ्या कारखान्यात ट्रेनी म्हणून गेला, कारण तेथे कँटीन आणि बस होती. दुसऱ्याने दिघीतल्या खोलीचे भाडे आणि हातात येणारा पगार यांची वजाबाकी करून घरपोच खाद्यपदार्थ पोचवण्याचे काम धरले, आणि त्याची वजाबाकी मी पुन्हा करून पाहिली तेव्हा ती चुकलेली नव्हती. तिसरा चौतिसाव्या दिवशी गेला. करारानुसार माणूस ३० दिवसांच्या आत सोडून गेल्यास दुसरा विनाशुल्क मिळतो, त्यामुळे चौतिसावा दिवस हा माझ्या आयुष्यातील एक महागडा दिवस ठरला. ही तीस दिवसांची अट कोणत्याही लघुउद्योजकाने सही करण्यापूर्वी बदलून घ्यावी. साध्या लेथवर माणसाचा हात बसायला सहा महिने लागतात, तेथे तीस दिवसांत त्याच्याविषयी काहीही कळत नाही, आणि नव्वद दिवसांखाली मी आता बोलणीच करत नाही.

मात्र मुले टिकत नाहीत याचा सगळा दोष सेवेवर टाकणे खरे होणार नाही. आमच्यासारखी वर्कशॉपे मोठ्या कारखान्यांच्या पगाराशी स्पर्धा करू शकत नाहीत, कारण जॉबवर्कचे, म्हणजे त्यांच्यासाठी करून द्यायच्या सुट्या कामाचे, दर तेच कारखाने ठरवतात. त्यातच २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, आणि त्याची बातमी आली त्या आठवड्यात माझ्याकडच्या एका मुलाने जर्मन भाषेच्या शिकवणीसाठी संध्याकाळी लवकर सोडण्याची परवानगी मागितली. मी ती दिली. जर्मनीत कामगार म्हातारे होत आहेत आणि त्यांच्या जागी माणसे नाहीत, हे त्याने मला अगदी समजावून सांगितले. त्याच्या मागे लेथवर उभे असलेले आमचे तिघे साठीचे कामगार ते ऐकत होते. महाराष्ट्रही फार मागे नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्याचा एकूण जननदर १.७ इतका, म्हणजे लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी लागणाऱ्या २.१ च्या बराच खाली, नोंदवला गेला, आणि २०११ च्या जनगणनेतच राज्यातील साठीच्या वरच्यांचे प्रमाण देशाच्या सरासरीहून अधिक होते. लातूर-नांदेडहून येणाऱ्या मुलांचा ओघ कायमचा आहे असे गृहीत धरून भोसरीने आजवर धंदा केला. त्या गृहीतकाची मुदत आता मोजता येते.

सेवेचे सर्वांत उत्तम काम म्हणजे ॲप्रेंटिसविषयीचे, आणि केवळ त्याच कामासाठीही मी तिची शिफारस करीन. ॲप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. त्याखालील सुधारित नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला ॲप्रेंटिस घेणे बंधनकारक, तर ४ ते २९ माणसे असलेल्यांना ऐच्छिक आहे, आणि घ्यायची संख्या एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्क्यांमध्ये असावी लागते. आमच्या १४ माणसांवर दोन ॲप्रेंटिस बसतात. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ॲप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाच्या २५ टक्के, मात्र दरमहा १५०० रुपयांपर्यंत, वाटा केंद्र सरकार उचलते, आणि २०२३ पासून ती रक्कम थेट प्रशिक्षणार्थीच्या बँक खात्यात जमा होते. हे सगळे मला पूर्वीही ऐकून माहीत होते, परंतु पोर्टलवरची नोंदणी, करारनाम्याची मंजुरी आणि दरमहाची हजेरी यांच्या धास्तीने आम्ही त्या वाटेला कधी गेलो नव्हतो. सेवेतील एका तरुणीने ते काम तीन आठवड्यांत मार्गी लावले, त्यानंतर एकाही महिन्याची हजेरी चुकली नाही, आणि एका मुलाच्या आधार व बँक खात्यावरील नावांच्या स्पेलिंगमध्ये फरक निघाला तेव्हा ती स्वतः त्याच्याबरोबर बँकेत गेली. एवढी चिकाटी मी शुल्क घेणाऱ्या फार थोड्या लोकांत पाहिली आहे.

येथे एक इशारा द्यायला हवा. कायद्याच्या दृष्टीने ॲप्रेंटिस हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो, आणि नेमका याच तरतुदीचा आधार घेऊन अनेक ठिकाणी त्याला स्वस्त मजूर म्हणून लाइनवर उभे केले जाते. सेवेच्या विक्री प्रतिनिधीने मलाही पहिल्याच भेटीत भविष्य निर्वाह निधी आणि विमा भरावा लागत नाही, हा मुद्दा सर्वांत आधी सांगितला होता; मुलाला काय शिकवायचे, हा मुद्दा शेवटच्या पानावर होता.

मूल्यमापनाबाबत मात्र मी या सेवेला कोणतेही गुण देऊ शकत नाही. एका शनिवारी दोन तरुण टॅब घेऊन आले आणि आमच्या सगळ्या माणसांची प्रत्येकी ४० प्रश्नांची, अर्ध्या तासाची परीक्षा त्यांनी घेतली. प्रश्न हिंदी आणि इंग्रजीत होते. पुणे जिल्ह्यातील कामगारांसाठी मराठीचा पर्याय नव्हता. आमचे सर्वांत ज्येष्ठ टर्नर, ज्यांना सगळे वर्कशॉप मामा म्हणते, ते ६१ वर्षांचे आहेत. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू असून टॅबवरील बारीक अक्षर त्यांना दिसत नव्हते. निकालाच्या तक्त्यात मामांना चारांपैकी दुसरी पातळी मिळाली, तर आठ महिन्यांपूर्वी आयटीआयमधून बाहेर पडलेल्या ॲप्रेंटिसला तिसरी. हा तक्ता, पाव-अर्धा-पाऊण भरलेल्या वर्तुळांचा, आम्ही नियमाप्रमाणे भिंतीवर लावला, आणि पुढच्या ऑडिटच्या वेळी ग्राहक कंपनीच्या ऑडिटरने त्याचे कौतुक केले, ही गोष्ट मला अजून हसावे की रडावे ते ठरवू देत नाही.

माझा आक्षेप पातळ्या ठरवण्याला नाही. केंद्र सरकारने २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आणला, त्याचा गाभाच असा आहे की माणूस कौशल्य शाळेत शिकला की उस्तादाच्या हाताखाली, याला महत्त्व नसून त्याला काय करता येते हे मोजावे. पूर्वी मिळवलेल्या ज्ञानाला मान्यता देण्याची सोयही प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. मामांसारख्या माणसासाठी ही उत्तम तरतूद ठरावी. परंतु टर्नरचे कौशल्य लेथवर न मोजता टॅबवर मोजले, तर मोजले जाते ते त्याचे वाचन आणि त्याची दृष्टी. लेथच्या फोर-जॉ चकात, म्हणजे चार जबड्यांच्या पकडीत, एक वेडावाकडा बिडाचा जॉब (घडवायचा तुकडा) बांधून डायल लावून ट्रू करायला, म्हणजे नेमका मध्यावर फिरेल असा बसवायला सांगितला असता, तर वीस मिनिटांत सगळ्यांच्या पातळ्या दिसल्या असत्या, आणि त्यासाठी वीज सोडून काही खर्च आला नसता.

मामा आमच्याकडे कसे आले हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक पट्टा १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने पिंपरीत पाय रोवल्यापासून आणि १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यापासून उभा राहिला. साठच्या दशकात टेल्को (पुढची टाटा मोटर्स) आणि बजाज यांचे कारखाने आले आणि त्यांच्या सावलीत भोसरीची लहान वर्कशॉपे वाढली. मोठ्या कारखान्यांच्या स्वतःच्या ॲप्रेंटिस शाळा होत्या, तेथे मुलांना महिनोन्‌महिने केवळ कानस चालवायला लावत, आणि अशा शिस्तीत तयार झालेली माणसे पुढे नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर स्वेच्छानिवृत्तीच्या लाटांमध्ये चाळिशीतच बाहेर पडली. आम्ही त्यांना दारातून आत घेतले. मामा ३७ व्या वर्षी आमच्याकडे आले तेव्हा ते घडलेलेच होते. आम्ही त्यांच्या प्रशिक्षणावर एक रुपयाही खर्च केला नाही. भोसरीतील शेकडो वर्कशॉपांची हीच कथा आहे : दुसऱ्याने पेरलेले कौशल्य आम्ही वीस-पंचवीस वर्षे कापून खाल्ले, आपल्या बांधावर एक रोपही लावले नाही, आणि आता कोठार रिकामे झाल्यावर मनुष्यबळ सेवेला फोन करून तयार टर्नर मागत आहोत. सेवा तरी तो कोठून आणणार? तिच्या माहितीपत्रकातील ‘तयार मनुष्यबळ’ हा शब्दप्रयोग फसवा आहे, पण तो वाचून खूश होणारी मीच होते.

प्रशिक्षणाच्या बॅचबाबत माझे मत बरेच चांगले आहे. सीएनसीच्या मूलभूत कामाची बारा शनिवारांची बॅच आमच्याच आवारात झाली. शिकवणारे गृहस्थ स्वतः पंचवीस वर्षे सेटर, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणारे, होते, ऑफसेट, म्हणजे टूलच्या जागेचे मशीनला द्यायचे माप, म्हणजे काय हे त्यांनी फळ्यावर न शिकवता मुद्दाम चुकीचा ऑफसेट टाकून वाया गेलेला जॉब सगळ्यांच्या हातात देऊन शिकवले, आणि मायक्रोमीटर पकडण्याची पद्धत त्यांनी दोन पूर्ण शनिवार घासून घेतली. त्यानंतरच्या चार महिन्यांत आमचे सीएनसीवरील रिजेक्शन निम्म्याहून खाली आले. मशीन तीच, इन्सर्ट (टूलची कापणारी पाती) तेच, केवळ माणसे मापात वागू लागली.

परंतु या बॅचला सेवेने ४५ वर्षांची वयोमर्यादा घातली होती. कारण विचारले तेव्हा, आमच्या आराखड्यात तसेच आहे, असे उत्तर मिळाले. कौशल्याच्या बहुतेक शासकीय योजना तरुणांसाठी आखलेल्या असतात आणि खासगी सेवांनी तोच साचा उचललेला आहे, परंतु माझ्या वर्कशॉपात ४५ च्या आतली माणसे मोजून पाच होती आणि त्यांतले दोघे ॲप्रेंटिस. पन्नाशीच्या माणसाला शिकवून काय उपयोग, असा हिशेब यामागे असावा. तो हिशेब ज्याने मांडला त्याने कामगाराची पेन्शन पाहिलेली नाही. कर्मचारी पेन्शन योजनेची किमान पेन्शन २०१४ पासून दरमहा १००० रुपये आहे. या पैशांत घर चालत नाही, म्हणून माणूस ५८ नंतरही शरीर साथ देईल तोवर काम करतो, म्हणजे पन्नाशीतल्या कामगाराकडे आणखी दहा-बारा वर्षे सहज असतात. तेवढा काळ चाकणचा तरुण आमच्याकडे कधीच थांबणार नाही. बऱ्याच वादानंतर आमच्या ५४ वर्षांच्या मिलिंग ऑपरेटरला बॅचमध्ये बसू दिले गेले. पहिले तीन शनिवार ते गप्प होते, पुढे त्यांनीच वहीत मराठीतून कोडची यादी उतरवून काढली, आणि आज दुसऱ्या पाळीतील एक सीएनसी ते एकटे सांभाळतात. जड जॉब उचलायचा नाही आणि बसायला स्टूल मिळते, यामुळे त्यांची कंबर आता पूर्वीपेक्षा बरी आहे.

राहिले मामांचे ज्ञान. ते दुसऱ्याच्या हातात कसे जावे, याविषयी करारात एक ओळही नव्हती, म्हणून ती व्यवस्था आम्हीच केली. मी त्यांना रोज तीन तास ॲप्रेंटिसला शिकवण्याची विनंती केली, तेव्हा मामांनी टूलची पेटी बंद केली आणि विचारले, “ताई, पोराला सगळं दिलं की मग मला कशाला ठेवाल तुम्ही?” या प्रश्नाला भाषण करून उत्तर देता येत नव्हते. मी त्यांना दोन वर्षांचे पत्र लिहून दिले, त्यात तीन तास शिकवणे हेच त्यांचे काम असेल, उत्पादनाचा आकडा त्या तासांत मोजला जाणार नाही आणि पगार कमी होणार नाही, असे नमूद केले. पत्र त्यांनी घरी नेऊन सुनेकडून वाचून घेतले आणि चौथ्या दिवशी पेटी उघडली.

गेल्या उन्हाळ्यात बारामतीकडच्या एका ग्राहकाने जुन्या यंत्राचा झिजलेला स्क्रू आणला. डावा ॲक्मे आटा, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेने फिरणारा आणि समलंब आकाराच्या दातांचा, ड्रॉइंग नाही. मुलाने आयटीआयमध्ये आटे पाडले होते, पण साधे आणि उजवे. मामांनी पिच, म्हणजे दोन दातांमधले अंतर, मोजली, बदली गिअरांचा हिशेब पेन्सिलीने जमिनीवर केला, टूल स्वतः ग्राइंडरवर घासले आणि पहिला नग करून दाखवला. दुसरा मुलाने बिघडवला. तिसऱ्याच्या वेळी त्याने स्पीड किती ठेवू असे विचारले, तेव्हा मामा आकडा न सांगता म्हणाले, “बर निळी पडायला लागली की कमी कर.” बर म्हणजे कापताना निघणारा धातूचा कीस. ते वाक्य मुलाने वहीत लिहून घेतले आणि खाली त्या वेळी गिअर कितीवर होता तो आकडाही स्वतःहून टिपला. ती वही आता वर्कशॉपची मालमत्ता आहे असे मी जाहीर केले आहे. मुलाने अजून मान्यता दिलेली नाही.

पुढील महिन्यात कराराचे नूतनीकरण आहे. ॲप्रेंटिसचे काम आणि सीएनसीची पुढची बॅच मी ठेवणार आहे, टॅबवरील मूल्यमापन काढून टाकले आहे, बदली माणसाची मुदत नव्वद दिवसांवर नेली आहे, आणि आमच्या आवारातील बॅचला वयाची अट राहणार नाही हे त्यांनी ईमेलवर मान्य केले आहे. मामांच्या शिकवण्याच्या तासांचे शुल्क सेवेने प्रशिक्षण म्हणून नोंदवावे अशीही मागणी केली होती, परंतु बाहेरून प्रमाणित नसलेल्या प्रशिक्षकासाठी त्यांच्या अर्जात रकाना नाही, म्हणून ते तास ‘इतर’ या रकान्यात गेले आहेत. दिवाळीनंतर मामांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आहे आणि ते तीन आठवडे येणार नाहीत. त्या काळासाठी मी प्रथमच सेवेकडून बदली माणूस मागितलेला नाही. लेथ त्या मुलाकडे राहील. मात्र तेवढ्या दिवसांत डाव्या आट्याचे काम घेऊ नका, असे मामांनी मला आत्ताच बजावून ठेवले आहे.